बाईंच्या कपाटातली नाटकं

पुस्तक हातात आलं की बाई आधी शेवटचं पान उघडायच्या. तिथं 'तात्पर्य' असा शब्द छापलेला दिसला, की पुस्तक मिटून प्रकाशकाच्या एजंटाच्या पेटीत परत. तो बिचारा नागपूरहून गाडीनं तुमसर रोडला उतरून, तिथून बसमध्ये चेंगरून आंधळगावला आलेला असायचा. त्याला अजून पाणीही मिळालेलं नसायचं. तो म्हणायचा, बाई, निदान पहिलं पान तरी बघा. बाई म्हणायच्या, पहिलं पान सगळ्यांनाच चांगलं लिहिता येतं.

मी त्या शाळेत गणिताचा मास्तर होतो. वर्ध्याकडचा, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला. दोन्ही वेळच्या भातानं पोट भरतं यावर माझा विश्वास बसायला तीन वर्षं लागली. साहित्याशी माझा संबंध एवढाच, की शाळेचं ग्रंथालय म्हणजे जे एक लाकडी कपाट होतं, ते माझ्या सातवीच्या वर्गात भिंतीला लावलेलं होतं. मी फळ्यावर चक्रवाढ व्याज काढत असलो, तरी बाई खुशाल आत येऊन कपाट उघडायच्या आणि एखादं पुस्तक उभ्याउभ्या वाचायला लागायच्या. नाटक उभ्यानं होतं, म्हणून त्याची गोष्टही उभ्यानंच वाचायची, असा त्यांचा नियम होता. माझ्या व्याजाचं काय व्हायचं ते विचारू नका.

बाई मराठी शिकवायच्या. कपाटाचा ताबा त्यांच्याकडे होता आणि त्यातला अर्धाअधिक भाग एकाच जातीच्या पुस्तकांनी भरलेला होता. मोठमोठी जुनी नाटकं मुलांसाठी गोष्टीरूपात सांगितलेली, अशी ती पुस्तकं. काही संस्कृतातून आलेली, काही विलायतेतून, काही कुठून आली ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावं. आंधळगावात यातलं एकही नाटक कधी होणार नव्हतं. आमच्याकडे नाटकांचा दुष्काळ होता असं नाही. दिवाळीनंतर धान कापून झालं, की मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरायची आणि गावोगाव मंडप पडायचे. पण तिथली नाटकं निराळी, आणि ती बघून दरवर्षी एखादा मुलगा दप्तर टाकून नाटक मंडळीच्या मागं जायचा. म्हणून हेडमास्तरांना 'नाटक' हा शब्दच नकोसा झाला होता. त्यांच्यासाठी बाईंनी कपाटावर 'बोधकथा' अशी चिठ्ठी चिकटवली होती. बोध असलेलं पुस्तक आत एकही नव्हतं.

एकदा मी विचारलं, गोष्टीच सांगायच्या आहेत, तर नाटकाच्याच कशाला? बाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "गोष्टीत एक जण बोलतो अन् बाकीचे ऐकतात. नाटकात सगळ्यांना बोलू द्यावं लागतं, सर. आपल्या घरांत पोरांना कोण बोलू देतं?"

या न्यायानंच त्या पुस्तकं निवडायच्या. दुष्ट माणसाला नीट बोलू दिलंय का, ते आधी बघायच्या. ज्या पुस्तकात कपटी प्रधान नुसता मिशा पिळतो आणि आपलं म्हणणं मांडतच नाही, ते पुस्तक बाद. मधेच कुठं 'बालमित्रांनो' आलं, तरी बाद. बाद झालेल्या पुस्तकांना त्या 'छाट' म्हणायच्या. गावात घरोघरी बिड्या वळायच्या आणि कारखान्यात तपासणारा ज्या बिड्या खराब म्हणून बाजूला फेकायचा, त्यांना छाट म्हणत. एजंटाला हा शब्द फार लागायचा.

आता गंमत अशी, की नाटकांवर जीव टाकणाऱ्या या बाईंनी जन्मात एकही नाटक पूर्ण पाहिलेलं नव्हतं. त्यांना रात्री नवाच्या पुढे जागताच येत नसे. आमच्याकडची नाटकं दहाच्या पुढे सुरू होणार आणि कोंबडा आरवला की संपणार. मंडळी मानानं त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची द्यायची, आणि नांदी संपायच्या आत बाईंची मान छातीवर. सकाळी मुलांना गाठून त्या विचारायच्या, मग पुढं काय झालं? यावरून मी त्यांना पुष्कळ चिडवलं. त्या म्हणायच्या, मी रोज भात खाते, म्हणून काय रोज चिखलात उतरलंच पाहिजे? पुढं निवृत्त होऊन तुमसरला राहायला गेल्या, शेजारी टीव्ही आला, तेव्हाही हेच. टीव्ही बघायला जायच्या नाहीत. सकाळी शेजारची पोरं येऊन रात्रीचा भाग सांगायची आणि बाई अंगणात भाजी निवडत ऐकायच्या. एका पोरानं फार मीठमसाला लावला, तर त्याला म्हणाल्या, तू छाट.

रस्त्यानं चालताना त्या नाटकातली भांडणं दोन्ही बाजूंनी बोलायच्या. राजाचा आवाज जाड, राणीचा बारीक. एकदा करडीच्या वाटेवर एका शेतकऱ्यानं बैलगाडी थांबवली आणि काळजीनं विचारलं, बाई, कोनासंग भांडून राहिल्या? बाई म्हणाल्या, राजासंगं. आता असं म्हटल्यावर कोणता राजा, भांडण कशाचं, हे सांगणं आलंच. तो माणूस जू खांद्यावर ठेवलेल्या बैलांसकट बांधावर थांबला आणि गोष्ट संपल्यावर राजाची बाजू घेऊन बाईंशी भांडला. त्या दिवशी बाई शाळेत इतक्या खुशीत होत्या, की मला त्यांच्या डब्यातला अर्धा वडा मिळाला.

पण त्यांची खरी परीक्षा वेगळीच होती. शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटचा तास बाईंच्या गोष्टीचा. मुलांनी ती गोष्ट घरी जाऊन सांगायची आणि पुढच्या आठवड्यात घरातल्या कोणीतरी ती बाईंना परत सांगायची. मूल नव्हे, ज्यानं मुलाकडून ऐकली त्यानं. बाजारात भेटा, विहिरीवर भेटा, शाळेच्या फाटकाशी या. दोन तोंडांतून जाऊनही जी गोष्ट उभी राहिली, ते पुस्तक कपाटात कायमचं राहायचं. जिचा चोथा झाला, ती कितीही मोठ्या लेखकानं सांगितलेली असो, छाट.

या परीक्षेत बाईंचा सगळ्यात मोठा भरवसा सगुणावर होता. सगुणा आमच्या सातवीतल्या पंचफुलाची मोठी बहीण. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून घरी आईबरोबर बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. हात चालू आणि कान पंचफुलाच्या तोंडाकडे. बिड्यांची टोपली घेऊन कारखान्याकडे जाताना शाळा लागायची, तिथं फाटकाला टेकून ती बाईंना गोष्ट सांगायची. ती काही फार हुशार होती असं नाही. तिला कंटाळा लवकर यायचा, एवढंच. ज्याचा कंटाळा आला ते ती विसरायची, आणि उरायचं ते अगदी नेमकं असायचं. बाई म्हणायच्या, हिच्या कंटाळ्यावर माझं कपाट चालतं. दोघी फाटकाशी हसत उभ्या राहिलेल्या मला अजून दिसतात.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल, त्या पावसाळ्यात सगुणा तापानं गेली. भंडाऱ्याला नेईपर्यंतही टिकली नाही. पंधरा-सोळा वर्षांची पोर.

पंचफुला महिन्याभरानं शाळेत आली. येत होती, बसत होती, गणितं बरोबर सोडवत होती. पण शनिवारची गोष्ट ती घरी नेईना. बाईंनी एकदा हळूच विचारलं, तर म्हणाली, कोनाले सांगू? बाई त्या दिवशी तिच्या घरी जाऊन आल्या. आई सगुणाच्या जागी बसून दुप्पट बिड्या वळत होती. नवरा गिरणीत हमाल, मजुरी तुटपुंजी. ती बाईंशी नीट बोलली, चहा दिला आणि म्हणाली, एकटीच्यानं होत नाही, दिवाळीची परीक्षा झाली की पंचफुलाला घरी घेणार. बाईंनी फी, पुस्तकं, सगळं आपल्याकडं घेते म्हणून सांगून पाहिलं. आई म्हणाली, पैशाचं नाही बाई, घरात दुसरं माणूस नाही, घर खायला उठतं.  परतल्यावर मला म्हणाल्या, सर, ही पोरगी हातची जाणार.

त्याच सुमाराला एजंटानं एका जुन्या परदेशी नाटकाची दोन पुस्तकं आणली. नाटक एकच, सांगणारे दोन. गोष्ट अशी. राज्यात सलग दुष्काळ. राजा हुकूम काढतो, की बियाण्याच्या कोठाराला जो हात लावील त्याला देहदंड. गावात लेकरं भुकेनं मरायला लागतात, तेव्हा राजाची मुलगी अर्धं कोठार उघडून लेकरांना वाटून टाकते. आता राजानं काय करावं? एक पुस्तक पातळ, पिवळट कागदाचं. त्यात राजा आपला शब्द पाळतो आणि मुलगी मरते. दुसरं गुळगुळीत, रंगीत चित्रांचं. त्यात राजा मुलीला पोटाशी धरतो, उरलेलं कोठारही उघडतो, सगळे पोटभर जेवतात आणि नगरात घंटा वाजतात.

मला वाटलं, रंगीत पुस्तक आता पेटीत परत जाणार. बाईंनी ती दोन्ही वाचली, उभ्यानंच, आणि रंगीत पुस्तक टेबलावर ठेवून पिवळं कपाटाच्या मागच्या कप्प्यात घातलं. म्हणाल्या, शनिवारी हे रंगीत. मी म्हटलं, बाई, याच्या शेवटच्या पानावर तर सरळसरळ तात्पर्य आहे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणाल्या, "ह्या वर्षी नाही, सर. ती पोरगी माझ्या समोर बसते. तिच्या देखत मी कोणाची मुलगी मारू?"

मला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. इतकी वर्षं यांच्या नियमांची टर उडवली, पण त्या दिवशी बाईंबद्दल मला फार माया वाटली.

शनिवारी मी वह्या तपासायच्या निमित्तानं वर्गातच मागं बसलो. बाईंनी वाचायला सुरुवात केली. राजाचा हुकूम आला तेव्हा वर्ग चिडीचूप होता, आणि त्याचं कारण मला, ज्वारीवाल्याला, तेव्हा कळलं नाही. आमच्याकडं धान पिकवणाऱ्या प्रत्येक घरात बिजाईची, म्हणजे पेरायच्या धानाची, ढोली वेगळी असते. बांबूची विणलेली, शेणानं लिंपून बंद केलेली. खायचं धान संपलं तर माणूस उसनं आणेल, उपाशी झोपेल, पण त्या ढोलीचं लिंपण फोडणार नाही. दुष्काळात रेशनवरची मिलो, ती परदेशी तांबडी ज्वारी, खाऊन दिवस काढले त्या साली घरातली लहान मुलं रडत होती, तरी ढोली तशीच कोपऱ्यात उभी होती, हे या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. गावाबाहेर बसून पुस्तक लिहिणाऱ्याला धान्य म्हणजे धान्य. या पोरांना त्यातला फरक कोणी शिकवायला नको होता.

बाई शेवटाला आल्या. राजानं मुलीला पोटाशी धरलं, कोठार सताड उघडलं, सगळे जेवले, घंटा वाजल्या. बाईंनी पुस्तक मिटलं. एरवी अशा वेळी पोरं टाळ्या वाजवायची. त्या दिवशी कोणी हललं नाही. मग मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "बाई, सप्पाच खाल्लं त मंग पऱ्हे कायचे टाकले?"

सप्पा म्हणजे सगळं, आणि पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी आधी तयार करतात ती भाताची रोपं. बाई गडबडल्या. म्हणाल्या, शेजारच्या राजाकडून आणलं असेल बियाणं. त्यावर दुसरा म्हणाला, त्याच्याकडंही दुष्काळच होता की, त्यानं कशाला दिलं असतं? तिसरा म्हणाला, मग सगळेच पुढच्या साली मेले असतील. वर्गात एकदम कालवा झाला. बाई हात वर करून शांत करायला लागल्या आणि तेवढ्यात पंचफुला उठून उभी राहिली. कितीतरी दिवसांत ती आपणहून उभी राहिली नव्हती.

"बाई," ती म्हणाली, "थे पोरगी मेली असन. तुमी माह्यासाठी तिले जित्ती ठेवली."

 बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. त्यांना काही खोटं बोलता आलं असतं. पुस्तकात असंच आहे, असं म्हणायला पुस्तक हातात होतंच. त्या वळल्या, कपाट उघडलं आणि मागच्या कप्प्यातून ते पिवळं पुस्तक काढलं. पंचफुलाला विचारलं, ऐकशील का? तिनं मान हलवली आणि ती खाली बसली नाही. बाई उभ्या, पंचफुला उभी, अशी ती गोष्ट पुन्हा वाचली गेली.

त्यात राजाला पुष्कळ बोलू दिलं होतं. तो म्हणतो, आज मी बी खाऊ दिलं, तर उद्या रडायलाही कोणी उरणार नाही. मुलगी म्हणते, बाबा, तुमचं खरं आहे. पण बी उरलं आणि लेकरं संपली, तर ते पेरायचं कोणी? दोघांचंही खरं आणि कुणाचीच सुटका नाही. मुलगी मरते. मग पाऊस येतो. राजा मुकुट उतरवून स्वतः शेतात उतरतो, उरलेलं बी पेरायला लागतो, आणि त्याच्या मागून ती वाचलेली लेकरं चालू लागतात. बस, गोष्ट संपली. खाली तात्पर्य नाही.

पंचफुला रडली. आधी उभ्यानं, मग बाकावर डोकं टेकून. तिच्या शेजारच्या मुली रडल्या, मागचा तो पऱ्हेवाला डोळे चोळत खिडकीबाहेर बघत होता. घंटा झाली तरी कोणी उठेना. मला राग आला. पोरं गेल्यावर मी बाईंना म्हटलं, की हे तुम्ही बरं केलं नाही. खपली धरत होती, ती ओढून काढली.  हेडमास्तरांच्या कानावर गेलंच होतं; त्यांनी बोलावून घेतलं आणि शनिवारचा तास आता पुरे, असं सांगितलं. 

सोमवारी पंचफुला आली नाही. मंगळवारीही नाही. बाई तास संपला की फाटकापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. मी म्हटलं, तिच्या घरी जाऊ या का? म्हणाल्या, कोणत्या तोंडानं जाऊ? दिवाळीपर्यंत तरी ती आपली होती, मी आत्ताच घालवली. एवढी बडबडी बाई, पण त्या दोन दिवसांत त्यांनी रस्त्यानं कोणाचं एक वाक्यही म्हटलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्या डबा न उघडता माझ्याशेजारी बसल्या आणि त्यांनी मला विचारलं, सर, खरी गोष्ट सांगायला चुकतं का माणूस? गणिताच्या मास्तराला असलं काही विचारू नये. मी आपलं त्यांच्या पुढ्यात माझ्या डब्यातली चटणी ठेवली.

बुधवारी सकाळी प्रार्थना सुटली आणि फाटकाशी पंचफुलाची आई उभी दिसली. डोक्यावर बिड्यांची टोपली, मागं दप्तर घेऊन पंचफुला. बाई जवळजवळ पळतच गेल्या. मीही मागोमाग गेलो, कारण मला वाटलं आता भांडण होणार आणि बाईंच्या बाजूनं कोणीतरी असावं.

आईनं टोपली उतरवून भिंतीवर ठेवली. म्हणाली, दोन दिस हिले मीच घरी ठेवली. शनिवारी रडत आली, मी विचारलं काहून रडतं, तर हिनं गोष्ट सांगितली. मग आम्ही दोघी रडलो. सगुणा गेली, तेव्हा घरात पाव्हणे होते, कामं होती, रडायला झालंच नव्हतं. मग रविवारी मी म्हटलं, पुन्हा सांग. सोमवारी म्हटलं, पुन्हा सांग. दोन दिवस बिड्या कमी झाल्या, बाई, पण घरात कोणी बोलत होतं.

आणि मग कोणी न सांगता, फाटकाला टेकून, तिनं ती गोष्ट बाईंना परत सांगितली. राजाचं लांबलचक भाषण तिनं दोन वाक्यांत उरकलं. राज्याचं नाव, प्रधान, मुकुट, सगळं गळलं होतं. बिजाईची ढोली मात्र होती, तिचं लिंपणही होतं, जे पुस्तकात नव्हतं. मुलीच्या मरणाशी आली, तेव्हा आवाज जरा ओढला गेला, पण थांबली नाही. "थे मेली," म्हणाली. "मंग पानी आला. राजा बिजाई टाकून राहिला, अन् मांगं थे लेकरं. राजानं मांगं पाह्यलं नाई. पन त्याले पायाचे आवाज येत होते."

पायांचे आवाज पुस्तकात नव्हते. बाई एरवी मधेमधे विचारून माणसाला हैराण करायच्या. त्या दिवशी नुसत्या फाटक धरून ऐकत राहिल्या. हेडमास्तर व्हरांड्यात येऊन उभे होते, त्यांनी शेवटचं सगळं ऐकलं असावं. ते खाकरले, शनिवारचा तास राहू द्या, असं म्हणाले आणि आत गेले. पंचफुला त्यांच्या मागून वर्गाकडे गेली.

आईनं टोपली डोक्यावर घेतली. बाईंनी भीत भीत विचारलं, दिवाळीनंतर हिला ठेवणार ना शाळेत? ती म्हणाली, इथं आली नाही, तर मले कोन सांगन? मग दोन पावलं जाऊन थांबली आणि पुढच्या शनिवारी कोणती गोष्ट आहे, असं विचारलं.

बाई म्हणाल्या, अजून निवडली नाही. तुम्हीच सांगा, हसवणारी आणू की कशी?

तिनं जरा विचार केला. टोपली सांभाळत म्हणाली, "कोनतीबी चालन, बाई. पन खरी आना."